सर्कशीतील हत्ती : कायदा व वाद (मराठवाडा)

सर्कशीत हत्ती बाळगावा का, त्याच्याकडून खेळ करून घ्यावेत का आणि हे ठरवायचे कोणी, याविषयीचा कायदेशीर व राजकीय वाद. मराठवाड्यात रानहत्तींचा वावर नाही. वेरूळच्या कैलास लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे, दौलताबादच्या दरवाज्यांना हत्तींची धडक रोखणारे अणकुचीदार खिळे आहेत. पण जिवंत हत्ती इथल्या लोकांनी पाहिला तो प्रामुख्याने जत्रा-उरुसांच्या दिवसांत येणाऱ्या सर्कशीच्या तंबूत, नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात. त्या उद्यानातील सरस्वती आणि लक्ष्मी या हत्तिणीही पुढे राज्याबाहेर हलवण्यात आल्या.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम २२ प्रमाणे केंद्र सरकार अधिसूचना काढून एखाद्या प्राण्याचे खेळ बंद करू शकते. १९९१ ची आणि नंतर १९९८ ची अधिसूचना याच कलमाखाली निघाली. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह सर्कशीबाहेर गेले. धंद्याच्या स्वातंत्र्यावर गदा येते म्हणून सर्कसमालक न्यायालयात गेले, पण केरळ उच्च न्यायालयाने २००० मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये बंदी कायम ठेवली. २०११ मध्ये यादीत बैल आला. हत्ती आला नाही. १९७७ पासून तो वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या, अनुसूचीत आहे, २०१० मध्ये त्याला राष्ट्रीय वारसा प्राणी घोषित केले गेले, तरीही नाही.

बैलाशी तुलना केली की यामागचे राजकारण उघड होते. शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर, बंदी आली तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले, विधिमंडळाने २०१७ मध्ये कायदा बदलला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. सर्कशीतल्या हत्तीमागे असे मतदार नाहीत; मोजके मालक आणि पोटासाठी गावोगाव फिरणारे माहूत एवढेच. त्याला आडोसा मिळाला तो देवस्थानांच्या आणि मठांच्या हत्तीमुळे. तंबूतल्या हत्तीवर बंदी घातली की मिरवणुकीतल्या हत्तीचा प्रश्न आलाच, आणि तो अंगावर घेण्याची तयारी फारशी कोणी दाखवली नाही. २०२५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला नेली, तेव्हा उसळलेल्या संतापापुढे राज्य सरकारलाही मठाच्या बाजूने उभे राहावे लागले.

हत्तींना सर्कशीतून काढण्याचे काम अधिक करून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने केले. सर्कशीला प्राणी ठेवायला या प्राधिकरणाची मान्यता लागते, आणि हत्तींच्या हालांची दखल घेऊन ती काढून घेण्यात आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्राने सर्कशीत कोणताच प्राणी नको, असा नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला.

बंदीच्या बाजूने मराठवाड्यात मांडता येणारा सर्वांत ठोस मुद्दा पाण्याचा आहे. मोठ्या हत्तीला दिवसाला शंभर लिटरहून अधिक पाणी आणि दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. शिवाय अंग थंड ठेवायला डुंबणे आणि चिखल हवा. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, टँकरवर जगणाऱ्या गावाच्या मैदानात साखळदंडाने बांधलेल्या हत्तीला हे कोठून मिळणार? ट्रकमधला प्रवास आणि कठीण जमिनीवर तासन्‌तास उभे राहून होणारे पायांचे आजार वेगळेच. माहुतांच्या रोजीरोटीचा प्रश्न खरा आहे; पण त्याचे उत्तर पुनर्वसनात आहे, हत्तीच्या बेडीत नाही.

संसदेतला वाद २०२२ च्या वन्यजीव संरक्षण दुरुस्तीच्या वेळी सर्वाधिक तापला. मालकी प्रमाणपत्र असलेल्या हत्तीचे ‘धार्मिक किंवा अन्य कोणत्याही’ प्रयोजनासाठी हस्तांतरण वा वाहतूक करण्याची वाट या दुरुस्तीने मोकळी ठेवली. ‘अन्य कोणत्याही’ या शब्दांतून छुपी खरेदी-विक्री शिरेल, असा विरोधकांचा आक्षेप होता आणि तो रास्त होता. २०२४ च्या नियमांनी अशा परवानगीचा निर्णय राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे दिला आणि हत्तीची जनुकीय नोंद सक्तीची केली.