हायपॉइड दंतचक्र

मोटारगाडीच्या मागील आसात इंजिनाची शक्ती काटकोनात वळवून चाकांकडे नेणाऱ्या दंतचक्रांच्या जोडीचा एक प्रकार. कारागीर या जोडीला क्राउन-पिनियन म्हणतात; मोठे चक्र ते क्राउन आणि त्याला फिरवणारे लहान चक्र ते पिनियन. साध्या बेव्हल (शंकूच्या आकाराच्या चक्रांच्या) जोडीत दोन्ही चक्रांचे अक्ष एका बिंदूत छेदतात. हायपॉइड जोडीत पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून सरकवलेले, मोटारीत बहुधा खाली, असते आणि अक्ष एकमेकांना छेदत नाहीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उंची मोटारींचा मागील आस निःशब्द करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतून हा प्रकार रूढ झाला.

फ्रेंच मोटारकर्ता लुई रनो याने १८९८ च्या गाडीत साखळीऐवजी फिरत्या दंडाने (शाफ्टने) मागील आस फिरवला आणि वरच्या गिअरमध्ये इंजिनाची गती त्या दंडाला थेट जोडली. अशा रचनेत वरच्या गिअरवर गिअरपेटीतील दात भार वाहत नाहीत, त्यामुळे पेटी जवळजवळ गप्प होते आणि मागील आसाचा आवाज उघडा पडतो. पिनियनला १२ दात असून ते मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ६०० वेळा नवा दात भिडतो. दातांच्या आकारातली बारीकशी चूकही मग सलग सुरासारखी ऐकू येते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की एक सूर आणि सोडला की दुसरा, ही त्याची खूण. बंद बॉडीच्या गाड्या वाढल्या तसा हा सूर आत अधिकच घुमू लागला.

इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर याने आपल्या गाड्यांत आरंभापासून वर्म (स्क्रूसारख्या आट्यांचा दंड) आणि त्याने फिरणारे वर्मचक्र वापरले. त्याचा वर्म मध्ये बारीक व टोकांना जाड, डमरूसारखा होता. कॉव्हेन्ट्रीच्या डेमलर कंपनीने १९१० च्या सुमारास वर्मच पत्करला. दात घासत सरकतात, आदळत नाहीत, म्हणून ही रचना शांत असते. मात्र कांस्याचे चक्र, उष्णता आणि काटेकोर जुळणी यांचा खर्च मोठा होता.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरच्या ग्लीसन कारखान्याने वक्र दातांची बेव्हल चक्रे कापणारे यंत्र तयार केले आणि पॅकार्ड या मोटार कंपनीने १९१३ च्या सुमारास ती वापरात आणली. वक्र दात एका टोकाकडून क्रमाने भिडतो व एका वेळी एकाहून अधिक दात भार घेतात.

हायपॉइडच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. न छेदणाऱ्या अक्षांच्या हायपरबोलॉइडी (मध्ये बारीक, डमरूसारख्या पृष्ठभागावर आधारलेल्या) चक्रांचा भौमितिक विचार एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांत आढळतो, त्यामुळे निव्वळ कल्पना कोणा एकाची म्हणता येत नाही. निकोला टेस्ला यांचे भाचे, सर्बियन वंशाचे अमेरिकन अभियंते निकोला त्र्‍बोयेविच यांनी १९२३ च्या सुमारास गणिती पायावर या चक्रांची मांडणी केली आणि पुष्कळ लेखक त्यांनाच श्रेय देतात. इतर लेखक ग्लीसन कारखान्यास आणि तेथे काम केलेले स्विस वंशाचे अभियंते अर्न्स्ट विल्डहाबर यांना, ज्यांनी पुढे या चक्रांच्या भूमितीचे सविस्तर विवेचन केले, अग्रस्थान देतात. कागदावरील पृष्ठभाग आणि तो पोलादात हजारोंनी कापणारे यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसा भेद केला तर पहिली त्र्‍बोयेविच यांच्याकडे आणि दुसरी ग्लीसनकडे जाते, आणि वादाचा बराचसा भाग उरत नाही. मोटारीत पहिला वापर पॅकार्डने १९२६-२७ मध्ये केला, असे सामान्यतः मानले जाते. रोल्स-रॉइसच्या १९२९ च्या फँटम-२ मध्येही हायपॉइड जोडी होती. पिनियन खाली गेल्याने दंड खाली येतो व गाडीचा तळ बसका करता येतो, हा लाभ विक्रेत्यांना शांततेइतकाच मोलाचा वाटला असावा.

निव्वळ आकाराने आस शांत होत नाही. क्राउन व पिनियन जोडीनेच, मध्ये घर्षणपूड घालून, फिरवून घासतात आणि पुढे ती जोडी मोडत नाहीत. हायपॉइडमध्ये दात लांबीच्या दिशेनेही सरकतात, त्यामुळे ही घासाई दातभर सारखी होते. जुळणी करताना दातांना रंग लावून चक्र हाताने फिरवतात. रंग पुसला गेलेला डाग दाताच्या टोकाला वा बुडाशी उमटला, तर शिम (पातळ चकती) घालून वा काढून पिनियन पुढेमागे करतात. दातांच्या लांबीच्या दिशेने होणाऱ्या याच सरकण्यामुळे त्यांच्यावरील तेलाचा थर तुटतो. साध्या गिअरतेलात अशी जोडी लवकर खरवडली जाते, म्हणून गंधक व शिशाची संयुगे मिसळलेली, अतिदाब सोसणारी तेले तिच्यासाठी तयार करावी लागली.