रॅस कुठला, रॅक कुठला?

परवा टीवायचे पेपर तपासत बसले होते. प्रश्न साधा: रॅस प्रथिनाचं काम लिहा. एका मुलीने दीड पान भरून लिहिलं होतं. पेशीची कड कशी पसरते, पेशी पुढे कशी सरकते, वर नेटकी आकृती. चूक एका अक्षराची. ते सगळं काम रॅक या दुसऱ्या प्रथिनाचं.

गोंधळाला नावंच कारण. उंदरांत सार्कोमा हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूंवरून रॅस हे नाव पडलं. रॅक म्हणजे 'रॅसच्या नात्यातला, बोट्युलिनम जंतूच्या सी-३ विषाचं लक्ष्य'. म्हणजे नावातच आधी रॅस येतो. पुढचा भागही फसवा, कारण ते विष रॅकपेक्षा त्याच्या चुलतभावावर, ऱ्होवर, कितीतरी जास्त चालतं. बारसं जरा घाईतच उरकलं म्हणायचं.

अंगकाठीही जुळ्यांसारखी. दोघांचं वजन साधारण २१ हजार डाल्टन. रॅसमध्ये अमिनो आम्लं १८८-१८९, रॅक-१ या रॅकच्या प्रकारात १९२. दोघंही बटणं. जीटीपी हा तीन फॉस्फेटांचा रेणू धरला की चालू, त्यातला एक फॉस्फेट तुटून जीडीपी झाला की बंद. (हा जीडीपी अर्थखात्याचा नव्हे, हे दर वर्षी सांगावं लागतं.) फॉस्फेट तोडण्यात दोघंही आळशी, मदतीला दुसरं प्रथिन आल्याशिवाय काम हलत नाही.

मग फरक कुठे? वायर कुठे गेलीय त्यात. भिंतीवर दोन बटणं शेजारी असतात, एकाने पंखा फिरतो, दुसऱ्याने गीझर तापतो. बटण बघून कळत नाही.

रॅसची वायर केंद्रकाकडे जाते. बाहेरून वाढीचा निरोप आला की रॅस चालू होतो, तो राफ या प्रथिनाला उठवतो, राफ मेकला, मेक अर्कला, सगळी प्रथिनंच. अर्क केंद्रकात जाऊन विभाजनाची जनुकं जागी करतो. पेशी प्रत्यक्ष दुभंगायला मात्र तासन्‌तास लागतात.

रॅकचा कारभार कडेवरचा, आणि मिनिटांचा. १९९२ साली लंडनमध्ये अ‍ॅन रिडली आणि अ‍ॅलन हॉल यांनी उंदराच्या पेशींत सुईने रॅक सोडला, तर थोड्याच वेळात पेशीच्या कडेला झालरीसारख्या चुण्या उठल्या. रॅक वेव्ह नावाच्या प्रथिनांच्या जुळणीला जागं करतो, ती आर्प-२/३ या प्रथिनसमूहाला कामाला लावते आणि पेशीचा सांगाडा घडवणाऱ्या अ‍ॅक्टिनच्या जुन्या तंतूला सुमारे ७० अंशांत नवी फांदी फुटते. त्या फांदीला आणखी फांद्या. लक्ष्मी रोडवर ढोलपथक निघतं तेव्हा आतले कार्यकर्ते दोर छातीशी धरून गर्दीला पुढे रेटतात, आठवतंय? पेशीचं पटल हा तो दोर, आणि वाढणारे तंतू हे कार्यकर्ते. एकटा तंतू काही करू शकत नाही, शेकडो मिळून कड पुढे ढकलतात.

बिघाडातही दोघं वेगळे. रॅसच्या साखळीत बाराव्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की मदतनीस प्रथिनाला फॉस्फेट तोडता येत नाही आणि बटण चालूच अडकतं. माणसाच्या मूत्राशयाच्या कर्करोगपेशींत हा एकच बदल १९८२ साली सापडला. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात रॅक-१ च्या २९व्या जागी प्रोलिनऐवजी सेरिन येतं. तिथे बटण अडकत नाही, बंद केलं की लगेच आपोआप परत चालू होतं. जीडीपी त्याच्या हातात टिकतच नाही.

उलटा बिघाडही बघा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत रॅक-२ हा रॅकचा दुसरा प्रकार असतो. तो निकामी झालेल्या एका तान्ह्या बाळाची नोंद २००० साली छापून आली. रक्तात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी भरपूर, पण जखमेवर पू धरत नव्हता, कारण पेशी जखमेपर्यंत चालत जाऊच शकत नव्हत्या. पू न होणं हे वाईट लक्षण असू शकतं, हे मुलांना पटायला वेळ लागतो.

आता त्या उत्तरपत्रिकेचं. तिच्या आकृतीत रॅसपासून निघालेला बाण थेट पेशीच्या कडेपर्यंत गेला होता. रॅस खरोखरच पीआय-३ कायनेज या विकरामार्गे रॅकला चालू करू शकतो. म्हणजे बाणाची दिशा बरोबर, मधली दोन स्टेशनं गाळलेली. मी पाचातले दीड मार्क दिले. मॉडरेटरने विचारलं तर बघू.