साहेबांना काय कळवायचं नाही

चिलीची राजधानी सांतियागोमध्ये 1972 साली एक षट्कोनी खोली आकार घेत होती. आत फायबरग्लासच्या सात फिरत्या खुर्च्या. प्रत्येकीच्या हातावर मोठाली बटणं, अॅशट्रे आणि ग्लास ठेवायला जागा. कीबोर्ड मुद्दामच ठेवला नव्हता. टायपिंग हे सेक्रेटरीचं काम, साहेबलोक त्याला हात लावणार नाहीत, हे खोली आखणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. बटण दाबलं की भिंतीवर आलेख यायचा. पण तो संगणकाने काढलेला नसायचा. डिझायनर तो हाताने काढत आणि त्याची स्लाइड बनवत!

सरकारी कारखान्यांवर संगणकाच्या मदतीने लक्ष ठेवायचा चिलीचा प्रकल्प म्हणजे सायबरसिन. त्याची हीच खोली सगळे दाखवतात. खरी गंमत मात्र खोलीबाहेर होती.

साल्वादोर आयेंदे अध्यक्ष झाल्यावर बरेच कारखाने सरकारकडे आले. कच्चा माल आधी कुणाला द्यायचा, कुठलं उत्पादन अडलंय, हे रोज ठरवायचं कसं? फर्नांदो फ्लोरेस या तरुण अधिकाऱ्याने जुलै 1971 मध्ये स्टॅफर्ड बीअर या व्यवस्थापनातल्या ब्रिटिश तज्ज्ञाला पत्र लिहिलं. बीअर आले. हाताशी होता जेमतेम एक मेनफ्रेम, म्हणजे मोठा मध्यवर्ती संगणक, आणि टाइप केलेला मजकूर तारेवरून दूर पाठवणारी टेलेक्स यंत्रं.

कारखान्यांनी टेलेक्सवरून कच्चा माल, ऊर्जा, गैरहजेरी असे मोजकेच आकडे पाठवायचे. सायबरस्ट्राइड हा प्रोग्राम ते तपासणार. समजा, एका गिरणीत रोज शंभरातले पाच कामगार गैरहजर असतात आणि आज नऊ आहेत. काळजी करायची का? कदाचित गावात लग्न असेल, उद्या पुन्हा पाच. कदाचित आकडा आता नऊवरच थांबेल. किंवा आज नऊ, उद्या अकरा, परवा तेरा, असा चढत जाईल. एका दिवसाच्या आकड्यावरून हे सांगता येत नाही. म्हणून प्रोग्राम प्रत्येक शक्यतेचं पारडं किती जड आहे ते मांडायचा आणि नवा आकडा आला की हिशोब पुन्हा करायचा. सगळं नेहमीसारखं असेल तर गप्प बसायचा.

मला सर्वांत आवडते ती पुढची पायरी. गडबड दिसली की इशारा आधी त्या कारखान्याच्या व्यवस्थापकाला जाणार. त्याला ठरावीक मुदत. तेवढ्यात त्याने निस्तरलं तर वरच्यांना पत्ताही लागायचा नाही. नाहीतर इशारा एक पायरी वर. आज भिंतभर स्क्रीन लावून ‘वॉर रूम’ उघडणाऱ्यांना हे सांगून बघा. त्यांना सगळंच वर हवं असतं.

‘असं केलं तर काय होईल’ हे आधीच पाहता यावं म्हणून चेको नावाचं अर्थव्यवस्थेचं प्रारूपही केलं जात होतं. ते विसंबण्याइतकं तयार कधीच झालं नाही.

ऑक्टोबर 1972 मध्ये ट्रकमालकांनी संप केला. माल कुठे पडून आहे, कुठला रस्ता खुला आहे, कुठे ट्रक मिळेल, हे सरकारला कळत राहिलं ते टेलेक्सवरून. संपात न उतरलेल्या थोड्याशा ट्रकांवर पुरवठ्याची गरज भागवली गेली. षट्कोनी खोली तेव्हा तयारही नव्हती. डिसेंबरअखेर आयेंदे तिथे येऊन खुर्चीत बसले आणि त्यांनी बटण दाबलं. चिलीत तेव्हा ऐन उन्हाळा. उकाड्याने यंत्रणा धड चालेना. काम चालू ठेवा, असं सांगून ते गेले. 11 सप्टेंबर 1973 ला लष्कराने सत्ता घेतली आणि नंतर ती खोली मोडून टाकण्यात आली.