मिच हरिकेननंतरचे मदतकार्य

ऑक्टोबर १९९८ च्या अखेरीस मिच या हरिकेनने (अटलांटिक महासागरातील तीव्र चक्रीवादळाने) होंडुरास व निकाराग्वा हे मध्य अमेरिकेतील दोन गरीब, कर्जबाजारी देश उद्ध्वस्त केले. त्यानंतर त्यांना मिळालेली तातडीची मदत, तसेच तिच्या पाठोपाठ आलेली पुनर्बांधणीची व कर्जसवलतीची व्यवस्था हा या नोंदीचा विषय आहे. एल साल्वादोर व ग्वातेमाला यांनाही या मदतीचा काही भाग मिळाला. तातडीची मदत, विकासनिधी व कर्जसवलत हे तिन्ही प्रश्न येथे एकाच वेळी ऐरणीवर आल्याने आपत्ती व्यवस्थापनाच्या अभ्यासात या प्रकरणाला मोठे स्थान आहे.

पार्श्वभूमी : मिच २२ ऑक्टोबरच्या सुमारास नैर्ऋत्य कॅरिबियन समुद्रात निर्माण झाले. २६ ऑक्टोबरला त्याचा केंद्रीय दाब ९०५ मिलिबारपर्यंत उतरला व वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २८५ किमी. झाला. किनारा ओलांडताना (२९ ऑक्टोबर) ते बरेच दुबळे झाले होते. नाश वाऱ्यापेक्षा पावसाने केला, कारण वादळ होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यालगत रेंगाळले आणि डोंगराळ प्रदेशावर कित्येक दिवस पाणी ओतत राहिले. दक्षिणेकडील चोलुतेका येथे सुमारे ९१२ मिमी. पावसाची नोंद आहे. १,९०० मिमी.चा आकडाही वारंवार दिला जातो, मात्र तो अनधिकृत अंदाज आहे. अनेक पर्जन्यमापकच वाहून गेल्याने याहून नेमके विधान करणे अवघड आहे.

जीवितहानीच्या आकड्यांत मोठी तफावत आढळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या मूळ अहवालात ९,०८६ मृत्यूंचा उल्लेख आहे. नंतरची संकलने ११ हजारांच्या वर जातात. एकट्या होंडुरासमध्ये ५,६५७ मृत व ८,०५८ बेपत्ता अशी सरकारी नोंद झाली, तर निकाराग्वासाठी २,८६३ मृत हा आकडा बहुधा दिला जातो. मृत व बेपत्ता यांची सरसकट बेरीज केली की संख्या अठरा-एकोणीस हजारांवर जाते. पांगलेली कुटुंबे व दुबार नोंदी लक्षात घेता ही बेरीज स्वीकारणे धोक्याचे वाटते. ११ हजारांहून अधिक मृत्यू हा अंदाज त्यातल्या त्यात सयुक्तिक ठरतो.

कासिता दुर्घटना : एकाच ठिकाणची सर्वांत मोठी प्राणहानी ३० ऑक्टोबर रोजी निकाराग्वाच्या पोसोल्तेगा परिसरात झाली. बहुधा सुप्त असलेल्या कासिता ज्वालामुखीच्या माथ्याजवळील कड्याचा एक भाग अतिवृष्टीने कोसळला. उष्ण द्रवांच्या क्रियेने तेथील खडक आधीच ठिसूळ झाला होता. उतारावर त्या ढिगाऱ्याचे रूपांतर पाणीदार गाळप्रवाहात झाले. पायथ्याजवळ पोहोचलेल्या या प्रवाहाने पुढील सुमारे अडीच किमी. अंतरात वाटेतली माती व दगड उचलून दाट चिखललोटाचे रूप घेतले. पुढे त्याची रुंदी सुमारे १.२ किमी. व खोली ३ ते ६ मी. होती. एल पोर्वेनिर व रोलांदो रोद्रिगेस या दोन वस्त्या जवळजवळ संपूर्ण गाडल्या गेल्या. मृतांचा अंदाज २,००० ते २,५०० आहे. दुर्घटनेचे खापर प्रारंभी मुख्यतः जंगलतोडीवर फोडले गेले. भूवैज्ञानिकांनी थरांचा अभ्यास करून दाखवले, की गेल्या आठ हजारांहून अधिक वर्षांत याच पट्ट्यात एवढ्याच आकाराचे किमान तीन लोट येऊन गेले होते. जंगलतोडीने इतर अनेक ठिकाणी हानी वाढवली हे खरे; परंतु कासितापुरते पाहता नव्या वस्त्या जुन्या लोटमार्गावर वसल्या, हे कारण अधिक पटणारे आहे. पोसोल्तेगाच्या महापौर फेलिसिता सेलेदोन यांनी केलेली मदतीची हाक राष्ट्राध्यक्ष आर्नोल्दो आलेमान यांच्या सरकारने सुरुवातीला गांभीर्याने घेतली नाही. ही दिरंगाई या प्रकरणातील सर्वांत क्लेशकारक बाब होय.

तातडीची मदत : पहिल्या आठवड्यांत अडचण धान्याच्या तुटवड्यापेक्षा वाहतुकीची होती. होंडुरासमधील बहुसंख्य पूल व रस्ते तुटल्याने गावे एकेकटी पडली. हेलिकॉप्टर हेच मुख्य वाहन ठरले. होंडुरासमधील सोतो कानो हवाई तळावरील अमेरिकी लष्करी पथक, मेक्सिकोचे सैन्य व ब्रिटिश नौदलाची जहाजे या कामात होती. राजधानी तेगुसिगाल्पाचे महापौर सेसार कास्तेयानोस १ नोव्हेंबरला पाहणी करताना हेलिकॉप्टर अपघातात मरण पावले. शहरात एल बेरिंचे टेकडी सरकून चोलुतेका नदीत आली आणि पात्र तुंबले. दाट वस्तीच्या मध्यभागी साचलेल्या त्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने साथींचे भय निर्माण झाले. शुद्ध पाणी, क्लोरीन व औषधे यांना अन्नाइतकेच महत्त्व आले ते यामुळे.

अशा वेळी न मागितलेल्या वस्तूही येऊन पडतात, आणि त्यांचे ढीग विमानतळावरची जागा व माणसांचा वेळ खातात. अखिल अमेरिकी आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी विकसित केलेली ‘सुमा’ ही साठानोंदीची पद्धत येथे वापरण्यात आली. आलेल्या खोक्यांची तातडीचे, नंतर लागणारे व निरुपयोगी अशी प्रतवारी तीत केली जाते. जागतिक अन्न कार्यक्रमाने शिध्याच्या मोबदल्यात रस्ते-शेते दुरुस्तीची कामे काढली. क्यूबाने डॉक्टरांची पथके देऊ केली. निकाराग्वाच्या सरकारने ती प्रथम नाकारली, होंडुरास व ग्वातेमाला यांनी स्वीकारली. याच सुमारास क्यूबाने हवानात लॅटिन अमेरिकी वैद्यक विद्यालय स्थापन केले (१९९९).

निधी व कर्ज : संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिका व कॅरिबियनविषयक आर्थिक आयोगाने एकूण हानी सुमारे ६ अब्ज डॉलर मानली. तीपैकी ३.८ अब्ज होंडुरासची, म्हणजे त्या देशाच्या निम्म्याहून अधिक वार्षिक उत्पन्नाइतकी होती. डिसेंबर १९९८ मध्ये वॉशिंग्टन येथे व मे १९९९ मध्ये स्टॉकहोम येथे देणगीदारांच्या परिषदा झाल्या. स्टॉकहोमपर्यंत जाहीर रकमा ९ अब्ज डॉलरांच्या घरात गेल्या. हा आकडा हानीपेक्षा मोठा दिसत असला, तरी त्यात परतफेडीची कर्जे होती आणि आधीच ठरलेल्या प्रकल्पांचे पैसेही नव्याने मोजले गेले होते. जाहीर रक्कम व हाती पडलेली रक्कम यांतील हे अंतर पाहिल्याशिवाय मदतीचे मूल्यमापन करू नये. अमेरिकेच्या काँग्रेसने मे १९९९ मध्ये मंजूर केलेला सुमारे ६२ कोटी डॉलरांचा निधी (यात कॅरिबियन देशांचाही वाटा होता) २००१ अखेरपर्यंत खर्चायचा होता. या मुदतीने कामांना वेग आला, मात्र स्थानिक संस्थांना तयार होण्यास सवड कमी मिळाली.

हप्ते फेडणाऱ्या देशाला मदत देणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे, हा आक्षेप कर्जमाफीच्या चळवळींनी याच काळात जोरकसपणे मांडला. क्यूबाने निकाराग्वाचे सुमारे ५ कोटी डॉलरांचे कर्ज माफ केले. धनको देशांच्या पॅरिस मंडळाने डिसेंबर १९९८ मध्ये दोन्ही देशांचे हप्ते तहकूब केले. माफी मिळण्यास मात्र वर्षे लागली : जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्या अतिकर्जग्रस्त गरीब देशांसाठीच्या कर्जमाफी योजनेत दोघांचा प्रवेश २००० मध्ये झाला, आणि अंतिम टप्पा निकाराग्वाने २००४ मध्ये व होंडुरासने २००५ मध्ये गाठला.

पुनर्बांधणी : स्टॉकहोम जाहीरनाम्याने केवळ पूर्ववत करणे पुरेसे न मानता दुर्बलता कमी करणे, पारदर्शकता व विकेंद्रीकरण यांवर भर दिला. निकाराग्वात नागरी संघटनांच्या समन्वय मंडळाने घरोघर जाऊन मदतीचे सामाजिक लेखापरीक्षण केले. तेगुसिगाल्पातील बेघरांसाठी प्रथम मोठ्या छावण्या व नंतर आमारातेका खोऱ्यात नव्या वसाहती उभ्या राहिल्या. स्पेनच्या रेड क्रॉसने बांधलेली सिउदाद एस्पान्या ही त्यांपैकी एक होय. राजधानीतील रोजगारापासूनचे अंतर ही तेथील कायमची अडचण ठरली.

होंडुरासमधील ला मासिका येथे साध्या साधनांवर चालणारी स्थानिक पूरइशारा व्यवस्था आधीपासून होती. मिचमध्ये तेथे एकही मृत्यू झाला नाही. निकाराग्वातील सजीव आच्छादन (जमीन झाकून ठेवणारी पिके) व बांधबंदिस्ती वापरणाऱ्या शेतांत शेजारच्या शेतांपेक्षा माती अधिक टिकल्याचे शेतकऱ्यांच्या सहभागाने झालेल्या पाहणीत आढळले. या दोन्ही गोष्टींना लागलेला खर्च परिषदांतील रकमांच्या तुलनेत नगण्य होता.

निकाराग्वाने २००० मध्ये व होंडुरासने २००९ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन कायदे केले. जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेने तेथे असलेल्या होंडुरन व निकाराग्वन नागरिकांना या आपत्तीमुळे तात्पुरता संरक्षित दर्जा (मायदेशी परत न पाठवता राहण्याची व काम करण्याची मुभा) दिला. त्यांनी घरी पाठवलेला पैसा परिषदांतून जाहीर झालेल्या निधीपेक्षा अधिक काळ कुटुंबांपर्यंत पोहोचत राहिला.