मूल लाजाळू आहे की सोशल अँग्झायटी? तपासणीला येण्यापूर्वी पालकांसाठी माहिती

पाहुणे आले की मूल आतल्या खोलीत जातं, एवढ्यावरून आम्ही निदान करत नाही. लाजाळू मूल सुरुवातीला अंग चोरतं आणि थोड्या वेळात रुळतं. सोशल अँग्झायटीत ते रुळत नाही. लोक आपल्याकडे बघतील, हसतील, नावं ठेवतील या धास्तीने ते प्रसंगच टाळू लागतं.

निदानासाठी ही भीती साधारण 6 महिने टिकलेली असावी लागते आणि तिच्यामुळे शाळा, मैत्री किंवा घरचे व्यवहार अडलेले असावे लागतात. शिवाय ती बरोबरीच्या मुलांमध्येही दिसली पाहिजे. सरांसमोर बोबडी वळते पण मित्रांत मनमोकळं हसतं-बोलतं, अशा मुलाला आम्ही हे नाव देत नाही.

पहिल्या भेटीत थोडा वेळ आम्ही मुलाशी एकट्याशी बोलतो. पालक शेजारी असले की उत्तरं पालकच देतात, आणि नेमकं तेच आम्हाला नको असतं. “तुला भीती वाटते का?” असं विचारलं तर बहुतेक मुलं “नाही” म्हणून मोकळी होतात. म्हणून आम्ही विचारतो: शंका आली तर वर्गात हात वर करतोस का? डबा कुठे बसून खातोस? शाळेतलं स्वच्छतागृह वापरतोस का? दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तर मागतोस का? मग पुढचा प्रश्न: त्या वेळी काय होईल असं वाटतं?

निदानाची दिशा या उत्तरावर ठरते. “चुकलो तर सगळे हसतील” हे सोशल अँग्झायटीकडे बोट दाखवतं. “धडधड वाढून मरेन” म्हटलं तर पॅनिकचा, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र घबराटीच्या झटक्यांचा विचार करावा लागतो, “मी नसताना आईला काही झालं तर?” म्हटलं तर आईपासून दुरावण्याच्या भीतीचा. कशातच मन लागत नसेल तर नैराश्य तपासतो. समोरच्याचे हावभाव लहानपणापासूनच उमगत नसतील तर ऑटिझम. आणि वर्गात मुलाला खरोखरच कोणी छळत असेल, तर आधी तो छळ थांबवायला हवा.

नंतर स्केअर्ड ही मुलांमधली भीती-चिंता तपासणारी 41 प्रश्नांची प्रश्नावली मूल आणि पालक वेगवेगळी भरतात. त्यातले 7 प्रश्न सामाजिक भीतीचे. त्यांत 8 किंवा जास्त गुण आले तर शंका बळावते, पण निव्वळ गुणांवर निदान होत नाही. दोघांच्या गुणांत बरीच तफावत पडते. आम्ही सरासरी काढत नाही, फरक कुठे आणि का पडला ते विचारतो.

थायरॉइडचा विकार, दम्याचा पंप, कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक यांनीही हात थरथरतात, छाती धडधडते. चालू औषधं सोबत आणा. तोतरेपणा किंवा ऐकण्याची अडचण असेल तर तेही सांगा.

सर्वांत जास्त उशीर होतो तो शांत, आज्ञाधारक, चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांच्या बाबतीत. त्यांची कुठूनच तक्रार येत नाही. तोंडी परीक्षेच्या दिवशीच पोट दुखतं, हॉटेलात त्यांची ऑर्डर आईच देते, आणि वर्षं निघून जातात. म्हणून येण्यापूर्वी दोन आठवडे वहीत लिहा: तारीख, प्रसंग, मुलाने काय टाळलं, त्याच्याऐवजी ते कोणी केलं. मुलाच्या लपून लिहू नका, त्याला सांगून लिहा.

निदान पक्कं झालं तर पहिला उपाय म्हणजे सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धती, साधारण 8 ते 12 सत्रं. औषधाने सुरुवात सहसा करत नाहीत.

मूल जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल तर आमच्या तारखेची वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका, जवळच्या रुग्णालयात न्या किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.