बैजिक राशीची किंमत काढणे आणि सरळ रूप देणे

बैजिक राशी म्हणजे आकडे, अक्षरं आणि बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकाराची चिन्हं मिळून झालेली मांडणी, उदा. ५क्ष − २(क्ष − ४) + ३. यात बरोबरचं चिन्ह नसतं, त्यामुळे क्ष शोधायचा नसतो, आणि नवीन मुलं इथेच अडकतात कारण शेवटी एक आकडा यायलाच हवा असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. सुरुवातीला राशीचं दोनपैकी एक काम असतं. क्षची किंमत दिली असेल तर ती टाकून राशीची किंमत काढायची, नसेल दिली तर सरळ रूप द्यायचं, म्हणजे अशी आटोपशीर राशी लिहायची की क्षच्या जागी काहीही घातलं तरी उत्तर मूळ राशीइतकंच येईल. ही शेवटची अट पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकतात, पण सगळं तिच्यावरच उभं आहे.

किंमत टाकताना ती कंसात टाकायची, विशेषतः ऋण असेल तेव्हा. २क्ष² − क्ष मध्ये क्ष = −३ घेतला तर २(−३)² − (−३), म्हणजे १८ + ३ = २१. कंस न घालता −३² लिहिलं की वर्ग फक्त ३ चा होतो, उत्तर −९, आणि पुढचं सगळं गणित घसरतं. क्रियांच्या क्रमासाठी कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) सगळ्यांना पाठ असतं, पण त्यात घाताचा, म्हणजे वर्ग-घन वगैरेंचा, पत्ताच नाही (तो कंसानंतर लगेच), शिवाय बेरीज आधी आणि वजाबाकी नंतर असा समज होतो तो चुकीचा आहे, दोन्ही एकाच पातळीवर, डावीकडून उजवीकडे: ८ − ३ + २ = ७, ३ नाही. भागाकार-गुणाकाराचंही तेच.

सरळ रूप देताना सजातीय पदंच (पद म्हणजे राशीतला अधिक-उणे चिन्हांनी सुटा होणारा तुकडा) एकत्र होतात, म्हणजे ज्यांची अक्षरं आणि घात दोन्ही सारखे. ७क्ष + २क्ष = ९क्ष, पण ७क्ष + २य तसंच राहतं, क्ष आणि क्ष² सुद्धा वेगळेच. १२व्या शतकात भास्कराचार्य अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांवरून नावं देत, आणि एका जातीची पदं मिळवायची, वेगळ्या जातीची बाजूला ठेवायची हा नियम त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलाय.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते कंसाआधीच्या उणे चिन्हापायी. सुरुवातीच्या ५क्ष − २(क्ष − ४) + ३ या राशीत −२ ने क्षला गुणायचं आणि −४ लाही गुणायचं, ऋण गुणिले ऋण धन (हा नियम ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये दिला), म्हणून ५क्ष − २क्ष + ८ + ३ = ३क्ष + ११. मुलं घाईत −८ लिहितात आणि ३क्ष − ५ वर येतात. आता क्ष = −३ टाकून बघा, मूळ राशी −१५ + १४ + ३ = २, ३क्ष + ११ पण २, आणि ३क्ष − ५ मात्र −१४, चूक लगेच पकडली जाते. दोन्ही कामं एकत्र शिकवावीत असं म्हणतात ते यासाठीच, किंमत काढणं हीच सरळ रूपाची पडताळणी आहे.

फक्त पडताळणीला ०, १ किंवा २ घेऊ नये. ३क्ष + २ = ५क्ष ही नेहमीची चूक क्ष = १ ला बरोबर दिसते, दोन्हीकडे ५! ३ घेतला की ११ आणि १५. २ ला क्ष² आणि २क्ष दोन्ही ४ च येतात, आणि ० ला तर क्ष असलेली सगळी पदंच गायब होतात. तसंच (६क्ष + ४) ÷ २ मध्ये २ ने दोन्ही पदांना भागायचं, ३क्ष + २, आणि (क्ष + ६) ÷ क्ष मध्ये वरचा-खालचा क्ष उडवता येत नाही, कारण वर तो गुणाकारात नाही, बेरजेत आहे.