मॅग्नेशियमच्या स्क्रूवरचा पातळ थर

मोडलेल्या हाडात टाकलेली पोलादाची किंवा टायटॅनियमची प्लेट हाड जुळून आल्यावरही शरीरातच राहते, आणि ती त्रास देऊ लागली की काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. मॅग्नेशियमचे आकर्षण आहे ते इथेच. हा धातू शरीरातील द्रवात हळूहळू विरघळतो आणि तो शरीराला परकाही नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते, त्यातले निम्म्याहून अधिक हाडांतच. नको असलेले मॅग्नेशियम मूत्रपिंडे बाहेर टाकतात. शिवाय त्याची ताठरता सुमारे ४५ गिगापास्कल, म्हणजे टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या निम्म्याहूनही कमी असल्याने, सगळा भार प्लेटनेच उचलला आणि हाड मात्र कामाअभावी विरळ होत गेले, असे घडण्याची शक्यता कमी होते.

अडचण आहे ती वेगाची. विसाव्या शतकाच्या आरंभी बेल्जियन शल्यविशारद आल्बां लांबोत यांनी पायाच्या मोडलेल्या हाडाला मॅग्नेशियमची प्लेट पोलादी खिळ्यांनी बसवली, तेव्हा ती आठवडाभरातच विदीर्ण झाली आणि त्वचेखाली वायू साठला. दोन भिन्न धातू खारट द्रवात एकमेकांना टेकले, की विद्युतघट तयार होऊन त्यांपैकी अधिक क्रियाशील असलेला धातू झपाट्याने झिजतो. लांबोत यांच्या रुग्णाच्या पायात नेमके हेच घडले. पण पोलाद नसले तरी मूळ अभिक्रिया चालूच राहते. मॅग्नेशियम पाण्याशी संयोग पावून हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन तयार करते, आणि एका ग्रॅम धातूपासून जवळजवळ एक लिटर वायू निघतो. साध्या पाण्यात हायड्रॉक्साइडचा पापुद्रा धातूला काहीसे संरक्षण देतो. रक्तातले क्लोराइड मात्र त्या पापुद्र्याचे विद्राव्य क्लोराइडमध्ये रूपांतर करून धातू पुन्हा उघडा पाडते.

म्हणून आवरण लागते. सर्वांत लक्षवेधी पद्धत म्हणजे प्लाझ्मा विद्युतविघटनी ऑक्सिडीकरण. स्क्रू सिलिकेट किंवा फॉस्फेट असलेल्या अल्कधर्मी द्रावणात बुडवून त्याला काहीशे व्होल्टचा दाब दिला, की त्याच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म ठिणग्या नाचू लागतात आणि वरचा धातूच वितळून कठीण, सिरॅमिक ऑक्साइडमध्ये बदलतो. हा थर बाहेरून चिकटवलेला नसून धातूतूनच वाढलेला असल्यामुळे सहजी सुटत नाही. मात्र ठिणग्यांच्या वाटा आणि निसटणारा वायू त्यात बारीक छिद्रे सोडून जातात, आणि द्रव त्यांतून आत झिरपतो. ही छिद्रे बुजवण्यासाठी वरून पॉलिलॅक्टिक आम्लासारख्या बहुवारिकाचा (पॉलिमरचा) किंवा कॅल्शियम फॉस्फेटचा लेप देतात; यांपैकी कॅल्शियम फॉस्फेट हाडाच्या खनिजाशी मिळतेजुळते असल्याने त्यावर अस्थिपेशी चांगल्या स्थिरावतात. नुसत्या बहुवारिकावर विसंबणे धोक्याचे असते, कारण ते पाणी शोषून घेते, खाली हायड्रोजन साठतो आणि लेप तव्यावरच्या फुलक्यासारखा फुगून सुटतो. फ्लुओराइडचा थर याहून साधा: धातू हायड्रोफ्लुओरिक आम्लात ठेवला, की त्यावर मॅग्नेशियम फ्लुओराइडचा अत्यल्प विद्राव्य असा थर तयार होतो, पण त्याची जाडी जेमतेम काही मायक्रोमीटर भरते.

मीठपाण्यात अधिकाधिक टिकणारे आवरण ते अधिक चांगले, असे मानण्याचा मोह होतो. माझ्या मते तो मोह टाळायला हवा. धातू कधीच विरघळू नये असे वाटत असेल, तर टायटॅनियम आहेच. आवरणाने हाड जुळण्याचे पहिले दोन-तीन महिने सांभाळायचे, नंतर स्वतःही विरून जाऊन धातूला वाट मोकळी करून द्यायची, आणि वायू इतक्या सावकाश सुटू द्यायचा की आसपासच्या ऊती तो सामावून घेतील.

झीज किती होते यापेक्षा ती कुठे होते, हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. प्लेट सर्वत्र सारखी पातळ होत गेली तर तिची ताकद हळूहळू आणि अपेक्षेप्रमाणे घटते. पण थराला एक ओरखडा पडला, तर क्षरण तिथेच एकवटून खड्डा पडतो आणि भाराखाली प्लेट तिथून तडकते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर तर असे ओरखडे पडणारच. शल्यविशारद प्लेट हाडाच्या वळणानुसार वाकवतात, तेव्हा सिरॅमिकसारख्या ठिसूळ थराला भेगा पडू शकतात. आणि स्क्रू हाडात फिरत जाताना आट्यांच्या कडा घासल्या जातात. म्हणून आवरणाची चाचणी गुळगुळीत चकतीवर घेऊन भागत नाही. ती वाकवलेल्या प्लेटवर आणि हाडात एकदा पिळून काढलेल्या स्क्रूवर, शरीराच्या ३७ अंश तापमानाला आणि भार देऊन घ्यायला हवी.

जर्मनीतील हानोफरच्या एका कंपनीच्या मॅग्नेशियम मिश्रधातूच्या स्क्रूला २०१३ साली युरोपात वापराची मान्यता मिळाली, आणि त्याची सुरुवातीची वैद्यकीय चाचणी पायाच्या अंगठ्याच्या वाकडेपणावरील शस्त्रक्रियेत झाली. त्या लहान हाडावर भार मर्यादित असतो. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडावर चालताना पडणारा भार महिनोन् महिने पेलायचा असेल, तर धातूची झीज थोपवून धरणारा थर भेगा न पडता टिकायला हवा.